जिवंत मास्तरांचा खून

मास्तरांच्या डोक्यावर कावळा बसला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नसे. सोलापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून हे शाळामास्तर राहत. कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरण जवळ आलं, आणि त्यावर तोड एकच: जवळच्या माणसाला ‘गेले’ म्हणून खोटा निरोप धाडायचा. ते खरं समजून रडलं, की मरण टळलं. रडण्याआधी खरं कळलं, तर सगळंच फुकट.

मास्तरांच्या आईनं केम गावी थोरल्या लेकीकडे, म्हणजे अक्काकडे, निरोप धाडला आणि मास्तरांना आतल्या खोलीत दडवलं.

मी तेव्हा अकरा वर्षांची. अक्कल त्याहून बरीच लहान. भिंतीला कान लावून मी एवढंच ऐकलं, “मास्तर गेले म्हणून सांगा. कसे गेले ते सांगू नका.”

झालं! गुप्त पोलिसांच्या गोष्टी चोरून वाचलेल्या. ताक मागायच्या निमित्तानं मी तपासाला गेले. मास्तरांच्या वहाणा दारात, टोपी खुंटीवर. माणूस बोडका, अनवाणी गेला कुठे? मास्तरीणकाकूंचं कुंकू जागच्या जागी, आणि बाई खुशाल शेंगदाण्याची चटणी कुटताहेत! मुसळाच्या टोकाला लाल डाग. बोटानं पुसून मी रक्त चाखलं. भलतंच तिखट. मास्तर तापट होतेच, मी मनाशी म्हटलं.

आत कुणीतरी खोकलं.

“काकू, आत कोण?”

“मांजर गं.”

“खोकतंय?”

“सर्दी झालीय त्याला.”

हे मात्र मला पटलं.

संध्याकाळी केमची अक्का टांग्यातून उतरली. पदर तोंडात, हंबरडा अगदी ओठावर. तेवढ्यात मी आडवी गेले. “रडू नका, अक्का! आधी पोलिसात चला. काकूंनीच मारलं. मुसळानं!”

अक्काचं रडं जागीच आटलं. पदर खोचून ती घरात घुसली. “कुटं हाय ती भवानी? माज्या भावाला खाऊन चटणी कुटती व्हय गं!” काकूंना तिनं दंडाला धरून अंगणात ओढलं.

काकू बिचाऱ्या खरं बोलल्या तर नवरा जातो, गप्प राहिल्या तर आपण फासावर जातो. त्या एकच घोकत राहिल्या, “अक्का, आधी रडून घ्या हो! मग हवं तेवढं मारा!”

“रडू? थांब, तुलाच रडवती!”

मास्तरांची म्हातारी आई कपाळ बडवत होती. “अगं रड की माजे बाय! लई न्हाय, वाईच रड!”

ओढाताणीत काकूंच्या बांगड्या फुटल्या. तो आवाज ऐकला आणि मास्तर आतून धावत आले. “अक्का, सोड तिला! मी हाय की जित्ता!”

अक्काचे हात सुटले. म्हातारी मटकन खाली बसली. लेक आता हातचा गेला, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. अक्का पुढं झाली, भावाचे गाल, कान, डोकं चाचपलं, आणि त्याच्या गळ्यात पडून असा टाहो फोडला, की समोरच्या विणकरांनी माग थांबवले.

म्हातारी ताडकन उठली. “रडली! बगा गं समद्या, रडली माजी लेक!”

“पण आजी,” कुणी शेजारीण पुटपुटली, “खरं कळल्यावर रडली की.”

“गप बस!” म्हातारी म्हणाली. “कावळ्याला काय कळतंय, आदी का मागनं!”