सुहासिनीताईंनी उतरवलेली यादी

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत सुहासिनीताईंना कुणी गोड बाई म्हणणार नाही. बत्तीस वर्षं कोर्टात स्टेनो होत्या. साक्षीदार रडो, वकील ओरडो, बाईंची पेन्सिल चालूच. निवृत्तीनंतर दर शनिवारी त्या लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज फुकट लिहून द्यायला लागल्या, तिथेही तोच खाक्या. माणूस चार पानांची कर्मकहाणी घेऊन यायचा आणि नियम असा की अर्ज दीडशे शब्दांत बसला पाहिजे. ताई लाल पेन घेऊन बसायच्या. "घोर अन्याय काढा. का केलं ते विचारू नका, ते सांगायला ऑफिस बांधील नाही. कागद मागा." समोरचा हिरमुसायचा. मी वरच्या मजल्यावर राहते. मला त्यांच्या या कोरडेपणाचा राग यायचा, आणि तरी शनिवारी मी चहाच्या निमित्ताने तिथेच असायची.

करिश्मा म्हात्रे मानपाड्याहून आली ती अशाच एका शनिवारी. तेवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. आजोबांनी भातशेती केली त्या जमिनीवर आता दोन टॉवर उभे होते. बापाला सगळे रघुशेठ म्हणत. तिने विद्यापीठाच्या विधी विभागात तीन वर्षांच्या एलएलबीसाठी अर्ज केला होता. शेवटच्या फेरीत नाव प्रतीक्षा यादीवर गेलं. फोन करून बोलावू म्हणाले, फोन काही आला नाही.

"माझ्याहून कमी मार्कांची मुलगी तिकडे शिकतेय, ताई. मी विचारायला गेलेले, तर बोलले, प्रवेश संपले, आता यादी बघून काय करणार?"

"तुला यादी कशाला हवी?" ताईंनी विचारलं.

करिश्माने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. दोन्ही आत्यांनी जमिनीच्या हक्कसोडीच्या कागदावर न वाचता सह्या केल्या होत्या, तेव्हापासून हिच्या डोक्यात वकिली होती. घरात त्यावरून रोज वाद. शेवटी बापलेकीत ठरलं होतं: नंबर खरंच खाली असेल, तर तिने पुन्हा प्रवेश परीक्षेचं नाव काढायचं नाही आणि भिवंडीकडचं स्थळ आलंय त्याला हो म्हणायचं. विभागाने डावललं असेल, तर बापाने परत परीक्षेला बसू द्यायचं.

"मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "आता काय ते समजायलाच पाहिजे."

पुढेमागे त्याच विभागात शिकायचं, म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करायला ती घाबरत होती. ताईंनी तो स्वतःच्या नावाने केला. प्रतीक्षा यादी, गुण, कोणाला कधी बोलावलं त्याच्या नोंदी. सगळ्याची प्रत्यक्ष पाहणी. एकशे बारा शब्द. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं: मंगळवारी सकाळी अकरा वाजता या, एक तास मिळेल.

विभागाचं कार्यालय घोडबंदर रोडच्या आत. मी सुट्टी टाकून गाडी काढली. मानपाड्याहून करिश्माचे मेसेजवर मेसेज येत होते, आणि आम्ही एका कंटेनरच्या मागे हलायचं नाव न घेता उभे. मी हॉर्न बडवत होते. ताई घड्याळाकडे बघत पेन्सिलींना टोक काढत होत्या. पोचायला अकरा वाजून तेरा मिनिटं झाली.

"तास अकरापासून धरलाय," कारकून म्हणाला. "फोन बाहेर ठेवा. फोटो चालणार नाहीत. झेरॉक्स हवी तर वेगळा अर्ज, साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात मिळेल." माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच ताईंनी माझा दंड दाबला आणि विचारलं, "लिहून घेतलं तर चालेल ना?" तो हसला. सत्तरीची बाई सत्तेचाळीस मिनिटांत काय लिहिणार, असं ते हसणं होतं.

फाईल चांगली वीतभर जाड. ताईंनी वही उघडली आणि शॉर्टहँड सुरू केलं. मी पानं उलटत होते, त्यांची नजर फाईलवर, हात वहीवर. नाव, गुण, फोनची तारीख, वेळ, शेरा. कारकून दोनदा येऊन वाकून बघून गेला. नुसत्या रेघोट्या बघून तो बुचकळ्यात पडला. अकरा पन्नासला ताईंचा हात थांबला. इतक्या वर्षांत मी तो थांबलेला पाहिला नव्हता. मी ते पान वाचलं, आणि परत पहिल्या ओळीपासून वाचलं. ताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, पान पूर्ण उतरवलं आणि म्हणाल्या, "पुढचं."

परतताना मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "ताई, नंबर वर होता एवढंच सांगा. विभागाचा घोळ झाला म्हणा. तिला परीक्षा देता येईल, घरही राहील. तुमचं ते लिखाण दुसरं कोण वाचू शकणार आहे?"

"म्हणून तर गाळता येत नाही," त्या म्हणाल्या. "वाचणारी मी एकटीच असले तर जास्तच नाही येत."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर संताप आला. यांचं काय जातंय, असंच वाटलं. मी गाडी सुरू केली आणि थेट मानपाड्याला नेली.

म्हात्र्यांच्या घरी सगळे वाटच बघत होते. करिश्मा, रघुशेठ, आणि दिवाणावर आजी सखुबाई. रघुशेठने स्वतः उठून खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. वहीतल्या रेघा बघून त्याचा चेहरा जरा सैल झाला.

"या रेघोट्यांत काय समजतं, मॅडम?"

"सगळं," ताई म्हणाल्या, आणि कोर्टात वाचायच्या तशा वाचायला लागल्या, चढउतार न करता. "प्रतीक्षा यादी. क्रमांक एक, प्रवेश घेतला. क्रमांक दोन, फोन लागला नाही. क्रमांक तीन, प्रवेश घेतला. क्रमांक चार, करिश्मा रघुनाथ म्हात्रे."

करिश्माचा हात तोंडाकडे गेला. "चौथा? मग मला बोलावलं का नाही?"

"बोलावलं. फोन सकाळी अकरा चाळीसला, अर्जातल्या नंबरवर. पालकांनी घेतला. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दाखल. मजकूर: मी घरगुती कारणास्तव प्रवेश घेऊ इच्छित नाही. खाली सही, करिश्मा म्हात्रे. शेरा: अर्ज वडिलांनी आणून दिला. जागा क्रमांक पाचला."

आतून चहा घेऊन आलेली कामाची बाई ट्रे तसाच धरून दारात उभी राहिली.

"परत वाचा," करिश्मा म्हणाली.

ताईंनी परत वाचलं, त्याच आवाजात. मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं.

"रघ्या," सखुबाई म्हणाली, "कनाला केलास यो?"

कशाला केलं ते रघुशेठ कोऱ्या भिंतीकडे बघत बोलला. "वकील झाली तर पहिली केस माझ्याच बहिणींची घेईल, आये. माझ्यावरच. गावात तोंड कुठे दाखवू?" खालच्या आवाजात त्याने पुढे सांगितलं, "ती सही मी रात्रभर गिरवत होतो. सोपं नव्हतं मला."

मला वाटलं, आता पोरगी आकांत करील. ती बापासमोर जाऊन खाली बसली.

"बाबा, नंबर खाली असेल तर लग्न करीन, असा मी शब्द दिला. तेव्हा तुम्हाला माहीत होतं मी चौथी आहे. तरी तुम्ही माझ्याकडून शब्द घेतलात."

सही केली त्याची रघुशेठला लाज वाटत होतीच, पण हे त्याच्या लक्षातच आलं नसावं. तोंडावर हात दाबून तो बसून राहिला. एवढा धिप्पाड माणूस, आणि मला त्याची कीव आली, स्वतःचा राग आला. मी गाडीत सुचवलेला मार्ग म्हणजे या पोरीला आणखी एकाने फसवणं होतं.

"आता काय करणार तू?" रघुशेठने विचारलं.

"फॉर्म भरणार. फोन नंबर माझा टाकणार."

"पालकाची सही लागते त्याच्यावर," तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता, जुन्या सवयीने बोलल्यासारखं.

"तेवीस वर्षांची आहे मी, बाबा," करिश्मा म्हणाली. "नाही लागत."