थेपले मऊ का असतात

लंगोट बदलताना मुलीच्या शीमध्ये रक्ताच्या रेषा पहिल्यांदा मलाच दिसल्या. तेव्हा ती दोन महिन्यांची होती आणि मी पंचेचाळिशीचा. उशिरा बाप झालो, त्यामुळे तिला साधी शिंक आली तरी तो माझ्या वयाचा दोष असं मला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, वयाचा काही संबंध नाही, गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे. मुलगी फक्त अंगावर पीत होती. पण आई जे दूध-दही खाते, त्याचा अंश तिच्या दुधातून बाळाला पोचतो. तेव्हा आईनं दूध, दही, ताक, तूप, पनीर सगळं सोडायचं आणि काही आठवडे वाट पाहायची. तरीही रक्त थांबलं नाही, तर अंगावरचं बंद करून डब्यातली खास पावडर सुरू करायची.

बायकोच्या मनात तेवढं शेवटचंच राहिलं. रिक्षात ती म्हणाली, "माझंच दूध तिला बाधतंय." मी नाही नाही म्हणत राहिलो. ती बाहेर बघत होती.

घरी मी पहारेकरी झालो. आई आमच्याकडेच असते. तिनं सुनेसाठी केलेले डिंकाचे लाडू तुपातले होते, ते मी शेजारी वाटून टाकले. एकदा तिनं सवयीनं वरणभातावर तूप वाढलं, तर मी ताट उचलून घेतलं आणि तिला नको तितकं बोललो. तुपाचं भांडं तिनं वरच्या फळीवर नेऊन ठेवलं. बिस्किटांच्या पुड्यावरची बारीक अक्षरं मी चष्मा कपाळावर चढवून वाचायचो.

बायको मात्र वाळत चालली होती. कोरा चहा, कोरडी भाकरी, आणि पाजणाऱ्या बाईची ती भूक. मला बघवत नसे. वाघोडियाहून येणारी आमच्या कंपनीची बस कारेलीबागेत, आमच्या घराजवळ, ज्या नाक्यावर सोडते, तिथे एक गृहउद्योगाचं दुकान आहे. तिथे मेथीचे थेपले दिसले. पीठ, मेथी, हळद, तेल. यात दुधाचं काय असणार? साध्या पिशवीत बांधलेले, वाचायलाही काही नव्हतं. घरी नेले तर बायकोनं उभ्या उभ्याच संपवले. "किती मऊ आहेत हो," म्हणाली. मग मी रोज आणू लागलो. तिच्यासाठी काहीतरी करतोय याचं मला फार समाधान होतं.

रक्त काही थांबेना. दोन दिवस दिसायचं नाही, मग पुन्हा दिसायचं. पुढच्या तपासणीला डॉक्टर पावडर लिहून देणार, हे आम्ही दोघं न बोलता समजून होतो. बायको पाजताना मुलीच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. "नको पिऊस गं," असं ती पुटपुटताना मी ऐकलं. पाजणं मात्र चालूच होतं.

एका रविवारी दुकान बंद होतं. म्हटलं, थेपले आपणच करू. शेजारच्या गुजराती काकींना विचारलं, तर त्या स्वतःच आल्या. घरात दोन बायका असताना भाई कणीक मळतात, आमच्याकडेही असा एक पाठवा, म्हणून त्यांनी मला भरपूर चिडवलं. आई ओट्याशी होती, बायको मुलीला खांद्यावर घेऊन दारात. मी परातीत पीठ, मेथी, हळद, तीळ घातले आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नही, भाई," काकी म्हणाल्या. "दही नाखो."

दही कशाला, असं मी विचारलं. त्यांना हसू आलं. दह्याशिवाय थेपले दुसऱ्या दिवशी मऊ राहतील का? दुकानातलेही दह्यातच भिजवतात, त्यांना ठाऊक होतं.

माझा हात पिठातच राहिला. आईच्या ते आधी लक्षात आलं. ती फक्त म्हणाली, "हात धू."

मी तसाच वळलो आणि बायकोला सांगितलं, इतके दिवस मीच तुला दही खाऊ घालत होतो. वाटलं, आता रडेल, चिडेल. मुलीची पाठ थोपटणारा तिचा हात थांबला.

"म्हणजे माझं दूध चांगलं आहे?"

"हो," मी म्हटलं. "थेपले वाईट होते."

ती तिथेच खाली बसली. हसत होती, डोळे पुसत होती, आणि काकी माझ्याकडे नि आईकडे आळीपाळीनं बघत होत्या. मुलगी चुळबुळ करायला लागली तशी बायकोनं तिला पदराखाली घेतलं, पण पदर बाजूला सारून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

संध्याकाळी मी आईजवळ त्या ताटाचा विषय काढला. चुकलं माझं, म्हणालो. ती निवडत असलेल्या मेथीतून मान वर न करता म्हणाली, "माझं तूप निदान दिसत तरी होतं."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. पावडर त्यांनी लिहिली नाही, आणखी काही आठवडे दिले. रेषा हळूहळू फिक्या झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. मुलगी अजून अंगावरच पिते. परवा मी केळी आणली, तर पाजता पाजताच बायकोनं विचारलं, "भय्याला विचारलंत ना, दह्यात भिजवली नाहीत ना?"

विचारलं, म्हणून मी सांगितलं. ती इतकी हसली की मुलीनं पिणं सोडून तिच्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा प्यायला लागली.