एस्थर मॅडमच्या हरवलेल्या कॅसेटी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. स्वयंपाकघराच्या दारामागं एक पिशवी लटकवलेली असते. तिच्यात आपण दुसरी पिशवी कोंबतो, मग तिसरी, आणि एक दिवस दारच उघडत नाही! आमच्या रविवारच्या बैठकीचं तसंच झालंय, म्हणून आज थोडे किस्से बाहेर काढतो.

बैठक म्हणजे काय, तर अमरावतीत माझा दातांचा दवाखाना आहे. रविवारी पेशंट नसतात आणि स्पीकर झकास आहेत. म्हणून आम्ही दोन-चार दोस्त तिथं जुनं जॅझ आणि ब्लूज ऐकायला जमतो. ज्याचा मान मोठा, त्यानं पेशंटच्या खुर्चीत आडवं होऊन ऐकायचं. हा मान दर वेळी गजूभाऊच पटकावतो. त्याचा हार-फुलांचा धंदा. पहाटे बाजारात उभा राहून थकलेला असतो, त्यामुळे पडल्या पडल्या घोरायला लागतो. उठवला की म्हणतो, "झोपलो कुठी बावा, डोये मिटून ऐकून राहिलो ना!"

*

एस्थर मॅडम आमच्याकडे आल्या त्या कवळीसाठी. परतवाड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, आता अमरावतीत एकट्याच राहणाऱ्या. मी कवळीचं माप घेत होतो आणि मागं कुठल्याशा परदेशी बाईचं ब्लूज हळू आवाजात चालू होतं.

मी तोंडातून मापाचा साचा काढला. मॅडमनी चूळ भरली आणि म्हणाल्या, "हे बाई घाबरून गाऊन राहिली. दुःख सांगाचं तं दमानं सांगाव ना! घाई कायची हाय?"

आणि तीच ओळ गाऊन दाखवली. तोंडात एक दात नाही, तरी असा आवाज! मी साचा हातात धरून तसाच उभा. बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन डोकावायला लागले. मला तर भरूनच आलं.

मग कळलं की तरुणपणी बाई मुंबई-कोलकात्याच्या हॉटेलांत ब्लूज गायच्या. आई आजारी पडली म्हणून परत आल्या आणि शाळेत लागल्या.

*

कवळी तयार झाली. मी म्हटलं, "मॅडम, चिवडा खाऊन बघा."

"चिवड्याले कोन विचारते? मले 'स' नीट पाहिजे. 'स' म्हनताना शिटी वाजली तं ब्लूज नाही, यष्टीचा कंडक्टर वाटते!"

ती कवळी मी किती वेळा घासली, काही विचारू नका. दर वेळी त्या आरशासमोर उभं राहून एक कडवं म्हणायच्या आणि कवळी काढून माझ्या हातात द्यायच्या.

*

एका रविवारी गजूभाऊनं मानाची खुर्ची चक्क स्वतःहून सोडली आणि मॅडमना दिली. त्यानंच विचारलं, "मॅडम, तुमचं एकांदं रेकॉर्डिंग असंन ना?"

"होत्या कॅसेटी. माह्या भावाचं अकोल्याले टेपरेकॉर्डरचं दुकान होतं, त्यानंच काढल्या. कोनी ऐकल्या नाही. भाऊ गेला, दुकान गेलं, कॅसेटी कोनं नेल्या देव जाने." मग सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी बी चालली आता. पोरगी बंगळूरले बलावते. तिकीट काढलं तिनं. ज्या मुलखात आपल्याले कोनीच ऐकलं नाही, तो सोडताना कायचं वाईट वाटते?"

वाईट वाटत होतं, ते तोंडावर दिसत होतं! आम्हाला त्या दिवसापासून चैन पडेना. बाई जायच्या आत एक तरी कॅसेट शोधायची आणि तुम्हाला ऐकणारं माणूस इथं होतं हे त्यांना दाखवायचं, एवढंच आम्ही धरून बसलो.

*

पहिली कॅसेट अचलपूरला त्यांच्या चुलतबहिणीकडे सापडली. आम्ही नाचतच दवाखान्यात आलो. मॅडम खुर्चीत, कॅसेट मशीनमध्ये. पियानो वाजला, तरुण एस्थर मॅडम गायला लागल्या, आमच्या अंगावर काटा आला. गाणं ऐन रंगात आलं आणि एकदम, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!" आणि लगेच मंगलाष्टकं सुरू! घरातल्या कोण्या जावयानं त्याच कॅसेटवर कोणाचं तरी लग्न टेप केलेलं!

आम्ही कपाळाला हात लावून बसलो. मॅडमनी मात्र सगळी मंगलाष्टकं शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "भटजी सुरात हाये पन."

*

आता हे ऐका. एका सकाळी मॅडम माझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या, खालची कवळी टोचत होती म्हणून. तेवढ्यात गजूभाऊचा फोन. अकोल्याजवळच्या एका खेड्यात तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या जेवणाच्या, कार्यक्रमाला हार पोचवायला गेला होता. फोनमध्ये भोंग्याचा कालवा.

"डॉक्टर! मॅडम इथी गाऊन राहिल्या!"

"अबे, मॅडम माझ्यासमोर तोंड उघडून बसल्या आहेत!"

"मंग भोंग्यावर कोन हाय?"

भोंग्यावर मॅडमच होत्या! भावाचं दुकान मोडलं तेव्हा मंडपवाल्या भास्करनं भंगारासोबत सगळ्या कॅसेटी उचलल्या होत्या. तेव्हापासून पंचक्रोशीत कुठंही तेरवी असली की तो हेच लावायचा. पुढं त्याच्या पोरानं मोबाइलमध्ये भरून दिल्या, पण गाणी तीच.

गजूभाऊनं त्याला विचारलं, "भजन काहून नाही लावत?"

भास्कर म्हणाला, "भजन लावलं तं लोकं संग म्हनत बसते, पंगतीले उशीर होते. मराठीतलं दुःखाचं गानं लावलं तं भाऊ-भाऊ एकमेकाले टोमने समजते अन् भांडन लागते. या बाईचं बरं हाय. रडू येते, पन कोनावर बोलून राहिली थे समजत नाही!"

आणि म्हणे आता लोकांना सवयच झालीय. बाई गायला लागली की समजायचं, वरण वाढून राहिले. हातपाय धुऊन ओळीनं बसायचं!

*

मॅडमना हे सांगायचं कसं? आपलं गाणं जेवणाची घंटा झालंय, हे कुठल्या कलावंताला आवडेल? शेवटी मीच भीत भीत सांगितलं. मॅडमनी मान खाली घातली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. बाई हसत होत्या! इतक्या हसल्या की कवळी काढून हातात घ्यावी लागली. नंतर डोळे पुसत म्हणाल्या, "बाप्पा! रडू येते म्हने त्याईले?"

*

निघायच्या आदल्या दिवशी अकोल्यात एक लहानसा हॉल घेऊन आम्ही मॅडमचं गाणं ठेवलं. कोणी येईल की नाही, भरवसा नव्हता. पण भास्करनं गावोगाव सांगून ठेवलेलं. काळीपिवळी जीपा भरभरून लोक आले. मॅडमनी पहिली ओळ घेतली आणि मागची माणसं भराभर उठली. मला वाटलं, संपलं, चालले लोक! कसचं काय, त्यांनी खुर्च्या बाजूला सारल्या आणि समोरासमोर ओळी धरून खाली मांडी घालून बसले! मग कोणी हललं नाही. बायका पदरानं डोळे पुसत होत्या, आणि माझाही रुमाल ओला झालाच.

गाणं संपल्यावर धोतर-टोपीतले एक म्हातारबुवा काठी टेकत स्टेजवर चढले. हात जोडून म्हणाले, "बाई, माह्या मालकिनीच्या तेरवीले तुमची कॅसेट होती. माह्या तेरवीले कॅसेट नोको. तुमी सोता या."

त्यांचा मुलगा खालून ओरडला, "बाबा, काय बोलून राहिले तुमी!"

मॅडमनी म्हाताऱ्याचे हात आपल्या हातात घेतले. मग म्हणाल्या,

"तारीख सांगा. मी तिकीट रद्द करते."