मोठ्यानं बोलायचा डोंगर

अख्ख्या जबलपुरात कुजबुजता न येणारी बाई एकच होती आणि ती नेमकी आमच्या समोरच्या खोलीत राहत होती. हे मी उगाच फुगवून सांगत नाही. गढा मोहल्ल्यात आमची समोरासमोर सहा खोल्यांची एक लाईन होती, सगळी आपलीच मराठी माणसं, सगळी दारूगोळ्याच्या कारखान्यातली. लढाई तोंडावर आलेली. कारखाने रात्रंदिवस चालू. कोणी पहिल्या पाळीला, कोणी रात्रपाळीला, वर ओव्हरटाईम. त्यामुळे दिवसाच्या कोणत्याही घडीला एखाद्या तरी खोलीत दमलेला माणूस झोपलेला असायचाच. भिंती अशा की पलीकडच्यानं कूस बदलली तर इकडे कळावं. म्हणून आम्ही बायका सगळा संसार दबक्या आवाजात करत होतो. भांडी गोणपाटावर घासायची, पोरांना डोळ्यांनी रागवायचं, आणि नळावरचं भांडणसुद्धा कुजबुजत करायचं. कुजबुजत भांडून कोणाचं पोट भरलंय? राग तसाच घरी न्यावा लागायचा.

सामनेवाल्या काकूंना मात्र हे जमलंच नाही. काकांचे कान कारखान्यातल्या घणाच्या मशीनीपायी गेलेले, त्यामुळे काकूंचा आवाज काकांच्या मापाचा झालेला. त्या प्रयत्न करायच्या, नाही असं नाही. पदर तोंडाला लावायच्या, वाकायच्या, आपल्या कानाला तोंड भिडवायच्या, आणि मग जे बोलायच्या ते चौकातल्या पानवाल्याला कळायचं. तिसऱ्या खोलीतल्या सुलभावहिनींना दिवस गेले, ती बातमी काकूंनी मला अशीच कानात सांगितली. "कोणाले सांगू नको वं, अजून तिनं घरात बी नाही सांगतलं!" एवढं म्हणायचा अवकाश, तिसऱ्या खोलीचं दार उघडलं आणि रात्रपाळी करून झोपलेले सुलभावहिनींचे यजमान लुंगी सावरत बाहेर आले. "काय म्हणता? खरंच काय?" काकूंना जराही शरम वाटली नाही. "खरं नाही तर काय! झोपा आता. पेढे संध्याकाळी आणजा."

लढाईची त्यांनी वेगळीच तयारी केली होती. सरकारी माणसांनी येऊन अंगणात खंदक खणून घेतला. सायरन झाला की यात उतरायचं, आडवं व्हायचं, कानांत बोटं घालायची, दातांत कापड धरायचं, असं शिकवून गेले. आठ दिवसांत काकूंनी त्या खंदकात वांग्याची रोपं लावली. मी घाबरून विचारलं, "काकू, सायरन झाला तर आपण कुठं झोपायचं?" तर म्हणाल्या, "वांग्याच्या दोन ओळींत. बॉम्ब पडन तेव्हा पडन, भाजी रोज लागते." दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून झाकण्या उचलायच्या, बोट बुडवून चाखायच्या आणि परवानगी न घेता मीठ टाकायच्या. माझ्या वरणाला तर त्यांनी पहिलं वर्षभर माझ्या हातचं मीठ लागूच दिलं नाही. मी चौथीत शाळा सोडलेली, वर्धेकाठच्या खेड्यातून थेट इथं आलेली. हिंदीत भाव करायचा कसा, राशनच्या रांगेत उभं राहायचं कसं, ते त्यांनीच शिकवलं. आई सहाशे कोस दूर आहे असं वाटायचं तेव्हा समोरचं दार वाजायचं आणि आवाज यायचा, "काय करून राहिली वं?"

मी काय करून राहिले होते? भीत होते. आमचे हे बारूद भरायच्या सेक्शनमध्ये. बॉम्ब पडलाच तर पहिला कारखान्यावर पडणार, हे राशनवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे सांगायचे, आणि मला तर बॉम्बाचीही गरज वाटत नव्हती. आतलंच एखादं काही सुटलं तर? पाळी सुटायच्या वेळेला मी दारात उभी राहायची आणि यांची सायकल वळणावर दिसली की आत पळायची, उभी नव्हते असं दाखवायला. मनातलं बोलायला जागा नव्हती. हे जागे असले की कारखान्यात आणि घरी असले की झोपलेले. त्यात माझ्या दादाचा निरोप आला, रविवारी न्यायला येतो, लढाईचं निवळेपर्यंत गावी राहा. हे म्हणाले, "जा." एवढंच म्हणाले आणि झोपले. जावं की राहावं, मला कळेना. इथं राहिले तर भीतीनं मरेन असं वाटायचं. गेले, आणि मागं काही झालं, तर? रविवार जवळ येत चालला आणि मला जेवण जाईना.

काकूंच्या ते ध्यानात आलं. "काहून वं, आजकाल बोलत नाही तू?"

"भेव लागते, काकू."

"काय म्हणाली? मोठ्यानं बोल!"

मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. काकूंनी त्या दाराकडे पाहिलं, मग सगळ्या लाईनीकडे पाहिलं, सगळी दारं लावलेली. "हे काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "चलो, आवळीभोजनाले जाऊ. मदन महालच्या डोंगरावर. तिथं कोणाचा नवरा झोपला नसते."

आवळीभोजन म्हणजे कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं. आमच्याकडे ते कोणाच्याही वावरात होतं, त्यासाठी कोणी डोंगर चढत नाही. पण काकूंपुढं कोण बोलणार? लाईनीतल्या झाडून सगळ्या बायका निघाल्या. पोरं काकांजवळ ठेवली, कारण कितीही रडली तरी ज्याला त्रास होणार नाही असा तोच एक माणूस होता. सगळ्यांत पुढं काकू, नऊवारी लुगड्याखाली काकांचे कारखान्याचे बूट, डोक्यावर भाजीचं पातेलं. मागं आम्ही, कोणी चपलेत, कोणी अनवाणी. जन्मात डोंगर चढलेली एकही नव्हती. वाटेत ते थोरले काळे दगड एकमेकांवर नुसते टेकवून ठेवल्यासारखे. एका दगडाखालून जाताना मी श्वास रोखून धरला, माझ्या श्वासानं तो घरंगळेल म्हणून. सुलभावहिनींना मधे घेतलं. एक चढण अशी आली की पाय ठरेना. मग वरच्या बाईनं पदर खाली सोडायचा, खालचीनं धरायचा, असं एकमेकींना वर ओढलं. काकू वरून ओरडत होत्या, "धर, धर! फाटला तर फाटला, नवा घेऊन देईन. तू नवी नाही भेटणार!" घाम, धाप, आणि आपण हे करून राहिलो म्हणून येणारं हसू. वर पोचलो तेव्हा मी माझ्याच पायांकडे पाहत होते, हे माझेच काय म्हणून.

वर आवळ्याचं झाड नव्हतं. होती ती सगळी सीताफळाची झुडपं.

"काकू, आवळा कुठं आहे?"

"मागल्या साली होता."

"मागल्या साली तुम्ही आलत्या काय?"

"आली नव्हती. पण होता." आणि त्यांनी पिशवीतून आवळ्याची एक डहाळी काढून दगडाच्या फटीत रोवली. "झाड नाही तर नाही. बसा." तिलाच हळदीकुंकू वाहिलं, तिच्या वीतभर सावलीभोवती दाटीवाटीनं बसलो आणि खंदकातल्या वांग्यांची भाजी, भाकरी, आवळ्याची चटणी असं पोटभर जेवलो.

जेवण झाल्यावर काकूंनी हुकूम सोडला, "आता बोला. मोठ्यानं." गंमत अशी की कोणाच्या तोंडून आवाजच निघेना. इतके महिने सवय लागलेली, डोंगराच्या टोकावर बसूनही आम्ही कुजबुजत होतो. मग सुलभावहिनी उठल्या, आपल्या सासरच्या दिशेला तोंड केलं आणि नणंदेला असं काही सुनावलं की खालच्या झाडीतले पक्षी उडाले. मग दुसरी उठली, तिनं राशनवाल्याला धुतलं. तिसरीनं नळावरचं चार महिन्यांपूर्वीचं भांडण पहिल्यापासून केलं, समोरच्या पार्टीला घेऊन, आणि दोघी शेवटी गळ्यात पडून हसल्या. माझी पाळी आली. मी तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

तेवढ्यात तो आवाज झाला. वर चढणारा, खाली येणारा, पुन्हा वर. आम्हाला शिकवलेला धोक्याचा सायरन अगदी असाच. एका क्षणात साऱ्या जणी आडव्या, कानांत बोटं, दातांत पदर. काकूसुद्धा. मीही पडले, दगडाला गाल लावून. आणि मग मला एकच दिसलं: लांब, धुरापलीकडे, कारखान्याच्या चिमण्या. हे आज दिवसपाळीला होते, आत होते. मी उठले. कशी उठले माहीत नाही, दगडावर चढले आणि कारखान्याकडे तोंड करून यांचं नाव घेतलं. मोठ्यानं. आजवर ते नाव मी फक्त लग्नात, उखाण्यात, खालमानेनं घेतलं होतं. इथंही लिहीत नाही, अजून हात अडतो. पण तेव्हा घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं. "बाहेर या! बाहेर निघा!"

मागून बुटांचा आवाज आला. वाटलं, काकू आता खाली ओढणार. पण त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, दातातला पदर काढला आणि त्यांनी काकांचं नाव पुकारलं. काका तर घरी पोरं सांभाळत होते, पण तेव्हा ते कोणाला आठवणार? मग एकेक उठत गेली. सहा खोल्यांतल्या सहा नवऱ्यांची नावं, जी आम्ही बायकांनी एकमेकींनाही कधी सांगितली नव्हती, ती त्या डोंगरावरून सगळ्या जबलपूरला कळली.

झुडपातून एक बकऱ्या चारणारी म्हातारी वर आली. आम्हाला बघत उभी राहिली. "काय बिन्ना, इत्ते आदमी हिरा गए का?" एवढे नवरे हरवले काय, असं विचारत होती.

"अरे बाई, लेटो! सायरन बज रहा है!" काकू ओरडल्या.

"कौन सो सायरन? जो तो छुट्टी को भोंपू आय। सबरे कारखाने संगै बजत हैं।"

खरंच होतं. खाली गल्लीत आम्हाला आमच्याच कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. इथं वर सगळ्यांचे एकदम पोचत होते, एक संपता संपता दुसरा, वाऱ्यानं मागंपुढं होत. पाळी सुटली होती, एवढंच. आम्ही एकमेकींची धुळीनं भरलेली तोंडं पाहिली आणि अशा हसलो की सुलभावहिनींना बसवावं लागलं. माझं हसणं मधेच रडण्यात गेलं.

पुढं काका रिटायर झाले, ती दोघं नागपूरला लेकीकडे गेली आणि तिथंच काकू गेल्या. लढाई लागली, संपली, आमचे हे धडधाकट घरी येत राहिले. डोंगर आजही दिसतो. पण काकू म्हटलं की मला डोंगर आठवत नाही. त्यानंतरचा रविवार आठवतो.

दादा आला. माझं बोचकं बांधलेलं होतं. काकूंनी गाडीत खायला तिखटमिठाच्या पुऱ्या तळून आणल्या, भला मोठा डबा. आणि मी म्हणाले, "दादा, मी नाही येत." हे जागे होते, ऐकत होते. दादा चिडला, समजावलं, शेवटी एकटाच निघाला. हे दादाला स्टेशनवर पोचवून तिथूनच पाळीला जाणार होते, काका सकाळीच कामावर गेलेले. काकू डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिल्या, तोंड फुगवून. मी शेजारी बसले. झाकण उघडलं तर पुऱ्या काठापर्यंत.

"काकू, एवढ्या कोण खाणार होतं?"

"दोघींच्या आहेत."

"दोघी कोण?"

काकूंनी पदरानं हात पुसले. "मी बी येणार होती. नागपूरपर्यंत संगं, मग लेकीकडे. सकाळीच पेटी भरून ठेवली. रात्रभर डोया नाही लागत वं, बापा... आता तू नाही म्हटलं. मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी एक पुरी उचलली, अर्धी त्यांना दिली. वळणावर सायकलींची वाट बघत, भीत भीत, आम्ही दोघींनी तो सगळा डबा संपवला.