टिनावरचं ऊन

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही चिखलीच्या कचेरीत नकाशे काढायला नवाच होतो. स्वभाव मात्र जुनाच. दुकानदारानं साखर तोलली की माझं लक्ष साखरेकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे. अशा माणसाच्या हाती एका खेडेगावच्या शाळेचं चित्र काढायचं काम आलं. शाळा टिनाची होणार होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सडकेला लागून जागा द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. दार सडकेकडे, म्हणजे पश्चिमेला हवं. जागेच्या मागून, पूर्वेकडून, विहिरीवर जायची त्याची गाडीवाट होती, ती मोकळी राहायला हवी होती.

आमच्या ओव्हरसियरसाहेबांनी मला दर्शनी बाजूचं मोजमाप दिलं आणि म्हणाले, "गावकऱ्यांले नकाशा समजत नाही. असं चित्र काढ की त्यांनी म्हणलं पाहिजे, वा."

मी पन्हळी टिनाचा एक तुकडा आणून खिडकीपाशी ठेवला. चार दिवस त्याच्याकडे बघत होतो. पन्हळीचा उंचवटा एका बाजूनं चमकतो, दुसरीकडे हळूहळू काळवंडतो, आणि खोलगट भागात काळोख थोडा उशिरा सुरू होतो. हे कागदावर जमेना. रेघा मारल्या की टिन न दिसता लुगड्याचा काठ दिसायचा. शेवटी शाई पाण्यात पातळ करून एकेक पन्हळ तीन-तीनदा रंगवली, तेव्हा ते छप्पर तापल्यासारखं दिसायला लागलं. मला स्वतःचाच फार अभिमान वाटला.

गावात चित्र पारावर ठेवलं. लोक बोट लावून पाहत होते, कागद सपाट आहे की नाही. तो म्हातारा मात्र बोट न लावता बराच वेळ पाहत बसला.

"बाबू, हे ऊन कोन्या अंगानं येऊन राह्यलं?"

"डावीकडून, काका."

"सडकेवर उभं राहून शाळेकडं पाह्यलं त डावा हात उत्तरेले येते. उत्तरेकडून ऊन कधी पाह्यलं तुनं?"

मी म्हणालो, ज्येष्ठात सूर्य जरा उत्तरेला सरकतो.

"ज्येष्ठात शाळा बंद राह्यते," तो म्हणाला. "अन् तवा सावली या चित्रातल्याएवढी लांब पडत नाही. ऊन दक्षिणेचं अन् तेही डावीकडून, म्हंजे चित्र काढणारा मांगं पूर्वेले, माह्या वावरात उभा आहे. म्हंजे दार माह्या गाडीवाटेवर."

मला राग आला. चित्रात उजेड डावीकडूनच घ्यायचा, ही आमच्या कामातली रीत आहे, सगळीकडे असंच काढतात, असं मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि जागेच्या कागदावरची सही पुढच्या आठवड्यावर ढकलली. येताना एसटीत मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते लिहिण्यासारखं नाही. इतका संशयी माणूस मी पाहिला नव्हता, असं मला वाटलं, आणि हे वाटणारा मी होतो.

पण संशयाची लागण होते. दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला गेल्यावर मी मूळ नकाशा काढून दिशा लावून पाहिली. दार पूर्वेला होतं.

साहेबांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "पावसाची झड पश्चिमेकडून येते. पोरं भिजतीन. दार फिरवलं मी."

"जागावाल्या काकांना सांगितलं?"

"काऊन सांगू? सही अडीन, शाळा अडीन. तू तुह्या चित्राचं पाह्य."

पुढच्या आठवड्यात सही आणायला मलाच पाठवलं. म्हाताऱ्यानं या वेळी चित्राकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, तू लेकरासारखा आहेस. तूच सांग. ते डावीकडचं ऊन, नुसती रीतच आहे ना?"

मी म्हणालो, "हो काका, रीतच आहे."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यानं सही केली, वर मला गूळ-पाणी दिलं.

शाळा झाली. वर्ग कोरडे राहिले, हेही खरं. गाडीवाट शाळेच्या अंगणात गेली आणि त्याचे बैल नाल्याकडून लांबचा फेरा घालून विहिरीवर जाऊ लागले. तो भांडायला येईल म्हणून मी कित्येक महिने कचेरीच्या दाराकडे बघत बसायचो. तो आला नाही.

एकदा चिखलीच्या बाजारात समोरासमोर गाठ पडली. मला तोंड फिरवायलाही वेळ मिळाला नाही. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊन बराबर काढलं होतं तुनं," तो म्हणाला, आणि सरकीच्या दुकानाकडे निघून गेला.