सीटवरचं प्लॅस्टिक

केडगावहून नगरात रोज नोकरीला जाऊन-येऊन माझी कंबर कामातून गेली होती. म्हणून मोटरसायकल घेताना माझी एकच अट होती, सीट मऊ पाहिजे. पण आमच्यात गाडी एकट्यानं घेत नाहीत. पारनेरहून चुलते आले. मी एकेका गाडीवर बसून पाहत होतो आणि ते सेल्समनला विचारत होते, "इकताना कोनची चांगली जाती?" अजून घेतली नव्हती, आणि हे विकायला निघाले!

तरी मी हट्टानं रुंद, मऊ सीटची गाडी घेतली. घरी येऊन सीटवरचं प्लॅस्टिक काढायला गेलो, तर चुलते ओरडले, "आरं, ऱ्हाऊ दे! उद्या गिऱ्हाईक नाक मुरडंल."

थोरल्या माणसापुढं बोलायची सोय नाही. उन्हात ते प्लॅस्टिक तापायचं, घामानं पँट चिकटायची. ब्रेक दाबला की मी सरकून टाकीवर, आणि कंबरेत कळ. शिसारी आली होती मला त्या गाडीची. प्लॅस्टिक फाटलं, तर चुलत्यांनी वर जाड कव्हर चढवून दिलं, फरशीसारखं टणक.

शेवटी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, तसं चुलत्यांनी कव्हर ओढून काढलं. तो माणूस बसला, जरा हलून म्हणाला, "सीट लई मऊ हाय वो!"

मी कंबर धरून उभा होतो. चुलते छाती फुगवून म्हणाले, "असनारच! आमच्या पुतन्यानं कदी अंग लागू दिलं न्हाई तिला."