भट्टीवाल्यांचं पाणी

बाळांनो, माणसाला आयुष्यात मोठे धक्के चार-दोनच बसतात, असा माझा समज होता. आमच्या खालच्या मजल्यावरच्या भट्टीवाल्यांनी तो खोटा ठरवला. इतका धक्कादायक माणूस संत तुकाराम नगरात तर नाहीच, पण अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरा सापडायचा नाही. चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत ते पंचवीस वर्षं भट्टीसमोर उभे आहेत. लालभडक तापलेला लोखंडाचा तुकडा सांडशीत धरून हॅमरखाली सरकवायचा, घाव बसला की फिरवायचा, पुन्हा सरकवायचा, हे त्यांचं काम. पोस्टाच्या पेटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण ते बहुधा पोस्टमनलाच माहीत असावं.

तुम्ही लहानपणी आला होतात तेव्हा त्यांचं वजन एकशे चाळीस किलो होतं. आपल्या लिफ्टमध्ये 'चार माणसे' अशी पाटी आहे. भट्टीवाले एकटेच आत शिरायचे आणि बाहेर उभ्या असलेल्यांना अदबीने सांगायचे, "आम्ही चौघं बसलाव, तुम्ही पुढच्या खेपेला या." गाव लातूरकडचं, त्यामुळे बोलण्यात तो हेल अजून आहे. एकदा ते आपली शिडी परत करायला वर आले. तुमचे आजोबा रीत म्हणून बोलून गेले, "बसा, दोन इडल्या खा." ते बसले. अर्ध्या तासाने मी घाईघाईने रवा भाजत होते, कारण सहा माणसांच्या इडल्या, सांबार आणि चटणी, सगळी भांडी धुतल्यासारखी लख्ख झाली होती. जाताना दारात थांबून म्हणाले, "काकू, हलका नाष्टा बरा असतोय." आणि एवढा देह भट्टीपुढे उभा राहिला की म्हणे नाचऱ्या मुलीसारखा हलायचा. हे मला त्यांच्या बरोबर काम करणाऱ्या दिघीच्या गृहस्थांनी सांगितलं. मी अर्थातच विश्वास ठेवला नाही.

मग साखर वाढली, गुडघे गेले, रात्री झोपेत श्वास अडकायला लागला. एका सकाळी ते हातात पिशवी घेऊन जिन्यात भेटले. मी विचारलं, "गावाला निघालात का?" तर म्हणाले, "न्हाई काकू, पोट लहान करून आणतो." शिंप्याकडे पँट आत घ्यायला न्यावी, त्या सुरात! मी कठड्याला धरून उभी राहिले. पुढे कळलं ते खरंच होतं. ऑपरेशन करून डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला. घरी आले तेव्हा त्यांचं जेवण म्हणजे अर्धी वाटी वरण, तेही चमच्या-चमच्याने वीस मिनिटं. त्यांची बायको सुमन ताट वाढायला बसली आणि एवढीशी वाटी बघून तिला रडूच आलं. "रडू नको," ते म्हणाले, "पातेली घासायचा तरास वाचला तुझा."

त्या काळात ते रोज संध्याकाळी वर येऊन बसत. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाणी एकदम प्यायचं नाही, पण दिवसभर घोट-घोट घेत राहायचं, नाहीतर अंगातलं पाणी आटेल. मी त्यांना वहीच्या कागदावर तासांचा तक्ता आखून दिला. त्यांनी तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि प्रत्येक घोटाला पेन्सिलीने टिंब द्यायला लागले. तीन महिन्यांत चाळीस किलो उतरले. शर्ट खांद्यावरून घसरायला लागले, कॉलनीतल्या बायका सुमनला दबक्या आवाजात विचारू लागल्या, "काय झालंय गं त्यांना?" मी मात्र निश्चिंत होते. कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये कूलरखाली बसायचं काम दिलं होतं.

कामावर गेल्याच्या तिसऱ्याच दिवशी ते कूलरखालून उठून आपणहून भट्टीवर गेले. वैशाख होता. आपल्या गॅलरीतल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. मला कळल्यावर मी त्यांना जिन्यातच अडवलं. "अहो, या उन्हात भट्टीपुढे?"

"ऊन भायेर असतंय काकू. भट्टीपुढं नुस्ती भट्टी असती."

"आणि पाणी?"

"पितो की. तांब्या-तांब्या पितो."

तांब्या-तांब्या! हा शब्द ऐकूनच मला कळायला हवं होतं. कळलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी दिघीच्या गृहस्थांची गाडी आपल्या इमारतीखाली थांबली आणि भट्टीवाल्यांना दोघांनी धरून उतरवलं. भट्टीपुढेच कोसळले होते. सांडशी बाजूला पडली म्हणून वाचले, नाहीतर तापलेलं लोखंड पायावर आलं असतं. दवाखान्यात सलाइन लावून, तपासून घरी सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, या माणसाच्या अंगात पाणीच नाही. मी थक्क झाले, आणि दिघीचे गृहस्थ तर माझ्याहून थक्क. जुन्या शेतकरी घरातला माणूस, भट्टीवाल्यांच्या दारातच कपाळाला हात लावून उभा होता.

"आवो काकू, आमी डोळ्यांनी बगितलाय, ह्यो तांब्या उचलायचा, वरनं वतायचा, रिकामा करून खाली ठेवायचा. दवाखान्यात कापडं काढली तवा बंडी पिळून निघाली. आमाला वाटलं घाम हाय. घाम न्हवता, लिंबाचं पाणी व्हतं! समदं पाणी एप्रनच्या आत बंडीत वतत व्हता गडी!"

मी भट्टीवाल्यांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

आता त्या लोकांची एक रीत सांगते, नाहीतर तुम्हाला हा वेडेपणा वाटेल. लोखंडाचा एक लॉट संपला की टोळीतली पाचही माणसं मीठ-लिंबाच्या पाण्याच्या पिंपाशी येतात. पहिला तांब्या टोळीच्या प्रमुखाचा, मिस्त्रीचा, म्हणजे भट्टीवाल्यांचा. तो एका दमात पितो, तांब्या खाली ठेवतो, मग बाकीचे पितात. मिस्त्रीच्या आधी कोणी ओठ ओले करत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि कोणी मोडतही नाही.

"मला एका तांब्याला अर्धा घंटा लागतोय," भट्टीवाले भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले. "चार माणसं. घशाला कोरड पडलेली. ते बघत उभे राहणार आणि मी चिमणीवानी घोट घेत बसू?"

"आरं मग बोलायचं ना राव!" दिघीचे गृहस्थ ओरडले. "आमी आदी प्यालो असतो!"

"तुम्ही आधी प्यालात तर मी कोण?"

मग सुमनने हातातला पेला खणकन टेबलावर ठेवला. "तुम्ही कोण ते मी सांगते. तुम्ही माझ्या लेकरांचे बाप हाव. पहिला तांब्या पिऊन फोटोत जायचं असंल तर आताच सांगा, मी हार आणून ठेवते."

"वैनी बराबर बोलत्याती," दिघीचे गृहस्थ हलकेच म्हणाले. "मिस्त्री, तू आडवा झाल्याव आमी कुनाच्या मागनं प्यायचं?"

कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवस घरी बसवलं. कायमचं स्टोअरमध्ये बसायचं, असंही बोलणं निघालं होतं, आणि त्या पंधरा दिवसांत मी भट्टीवाल्यांना एकदाही हसताना पाहिलं नाही. शेवटी अट घालून सोडलं. दहा मिनिटं भट्टीपुढे, दहा मिनिटं पंख्याखाली, आणि पंख्याखाली बसून बाटलीतून घोट. एक दिवस चक्कर आली तरी भट्टी बंद.

ते पुन्हा गेले त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. कंपनीची बस आली. ते सावकाश, पण आपल्या पायांनी उतरले आणि सरळ वर आले. मी तक्ता मागितला. टिंबं बरोबर होती. तरी चेहरा काही वेगळाच दिसत होता.

"पहिला लॉट संपला," ते म्हणाले. "मी म्हणलं, प्या रे. कोणी हालंना. शिव्या घातल्या तरी हालंना. चौघं माझ्या तोंडाकडं बघत उभे. मग मी काय केलं काकू, पाठ केली. भट्टीकडं तोंड करून उभा राहिलो. तवा कुठं मागं तांब्या वाजला." त्यांनी मागचं ऐकत असल्यासारखी मान वळवली. "गट-गट-गट आवाज आला. काय आवाज असतोय हो, तहानलेल्या माणसाच्या पिण्याचा! पंचवीस वर्षं माझा पहिला नंबर होता, मी कधी ऐकलाच नव्हता."

मग त्यांनी बाटली काढली, एक घोट घेतला, आणि तो गिळायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढा वेळ मीही कान देऊन ऐकलं, आणि मग तक्त्यावर टिंब दिलं.